रोमच्या गणिकेला त्याने संत म्हणून रंगवलं आणि चित्रातला उजेड कायमचा बदलून टाकला

स्पेनची राजधानी माद्रिद. तिथल्या थिसेन-बोर्नेमिसा म्युझियममध्ये साधारण पावणेसहा फूट उंचीचं एक चित्र आहे. मागे काळोख. त्या काळोखातून पुढे आलेली एक तरुण मुलगी. अंगावर उंची कपडे, खाली लाल रेशमी गादी, शेजारी लाकडाचं मोठं मोडकं चाक, हातात लांब तलवार. आणि ती थेट बघणाऱ्याच्या डोळ्यात बघतेय.

ही अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन. धर्मासाठी जीव दिलेली राजकन्या.

पण चित्रासाठी जी मुलगी बसली होती ती काही राजकन्या नव्हती. तिचं नाव फिलिदे मेलान्द्रोनी. इटलीतल्या सिएनाहून रोममध्ये आलेली, सतरा-अठरा वर्षांची गणिका. रोमचे पोलीस तिला चांगलं ओळखून होते. आणि तिला संत म्हणून रंगवणाऱ्या माणसाचं नाव पोलिसांच्या वहीत तिच्यापेक्षाही जास्त वेळा आलेलं होतं.

मायकेलअँजेलो मेरिसी. जग त्याला त्याच्या गावाच्या नावाने ओळखतं. काराव्हाज्जो.

नावावरून गोंधळ नको. सिस्टिन चॅपलचं छत रंगवणारा मायकेलअँजेलो वेगळा. तो याच्या जन्माच्या सात वर्षं आधीच गेला होता. याचा जन्म मिलानमधला, २९ सप्टेंबर १५७१ चा. त्या दिवशी देवदूत मायकेलचा सण असतो, म्हणून पोराचं नाव मायकेलअँजेलो ठेवलं. वडील काराव्हाज्जोच्या सरदाराकडे कारभारी होते. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी.

पण १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला. मेरिसी कुटुंब शहर सोडून काराव्हाज्जो गावाला गेलं. प्लेग तिथेही पोचला. १५७७ मध्ये वडील आणि आजोबा पाठोपाठ गेले. पोरगा तेव्हा सहा वर्षांचा होता.

तेराव्या वर्षाच्या आसपास त्याला मिलानमध्ये सिमोने पेतेर्झानो नावाच्या चित्रकाराकडे शिकायला ठेवलं. चार वर्षांचा करार होता. १५९० मध्ये आई गेली. भावंडांत वाटण्या झाल्या, वाट्याला आलेलं विकून टाकलं आणि गडी रोमला निघाला.

त्या काळात चित्रकाराला नाव काढायचं असेल तर रोमशिवाय पर्याय नव्हता. पोप तिथे, कार्डिनल तिथे, पैसा तिथे. शिवाय कॅथलिक चर्चची तेव्हा प्रोटेस्टंट लोकांशी टक्कर चालू होती. प्रोटेस्टंट म्हणायचे, देवळात मूर्ती आणि चित्रं कशाला हवीत? चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ठरवून टाकलं की चित्रं हवीतच, पण ती अडाण्यालाही कळली पाहिजेत आणि बघताना भक्ती जागी झाली पाहिजे. त्यामुळे रोममध्ये चर्चची कामं भरपूर निघत होती आणि ती मिळवायला चित्रकारांची रांग लागलेली होती.

काराव्हाज्जो त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा होता. सुरुवातीला तो ज्या धर्मगुरूकडे राहिला, तो त्याला जेवायला बहुतेक वेळा नुसता पालाच द्यायचा. पठ्ठ्याने त्या माणसाचं नावच सॅलड महाराज पाडलं. पुढे एका बड्या चित्रकाराच्या कारखान्यात नोकरी मिळाली. काम काय, तर दुसऱ्याच्या चित्रात फुलं आणि फळं काढायची. पण ती फळं त्याने अशी काढली की आजही बघणाऱ्याला द्राक्षांवरची धूळ आणि सफरचंदातलं किडीचं भोक दिसतं. जसं आहे तसं काढायचं, ही खोड तेव्हाच लागली.

मग त्याचं नशीब फिरलं ते एका पत्त्यांच्या चित्रामुळे. दोन लबाड मिळून एका श्रीमंत पोराला पत्त्यांत गंडवतायत, असं ते चित्र. कार्डिनल फ्रान्चेस्को मारिया देल मोन्ते यांनी ते विकत घेतलं आणि चित्रकारालाही आपल्या वाड्यात राहायला जागा दिली. तो पालाझ्झो मादामा नावाचा वाडा. आज तिथे इटलीची सिनेट भरते.

देल मोन्ते यांच्याच संग्रहासाठी १५९८-९९ च्या सुमाराला कॅथरीन तयार झाली.

आता ही कॅथरीन कोण? आख्यायिका अशी की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ती राहायची. राजघराण्यातली, सुंदर आणि प्रचंड शिकलेली. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करतोय म्हटल्यावर ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सम्राटाने तिला वादात हरवायला पन्नास पंडित बोलावले. झालं उलटंच, पंडितच तिच्या बाजूला गेले. चिडलेल्या सम्राटाने तिला खिळे ठोकलेल्या चाकावर मारायचा हुकूम दिला. पण चाकच मोडून पडलं. शेवटी तलवारीने तिचं शिर उडवण्यात आलं.

अशी बाई इतिहासात खरंच होऊन गेली का, यावर चर्चमध्येही शंका होती. १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने तिचा सण आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला आणि २००२ मध्ये परत घेतला.

या संतबाईचा आपल्या शेजारच्या गोव्याशी सरळ संबंध आहे बरं का. अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस होता २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरीनचा सण. म्हणून ओल्ड गोव्यातलं भलंमोठं से कॅथेड्रल तिच्याच नावाने बांधलं गेलं. त्याच्या मुख्य वेदीवर तिच्याच आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. रोममध्ये काराव्हाज्जो कॅथरीन रंगवत होता तेव्हा गोव्यात या चर्चचं बांधकाम चालू होतं.

पुन्हा चित्राकडे येऊ.

कमरेवर हात दिसले की आपण विठोबा ओळखतो. हातात खराटा दिसला की गाडगेबाबा. खाली नाव लिहावं लागत नाही. युरोपमध्येही संतांच्या अशाच खुणा ठरलेल्या होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना त्या खुणांवरूनच संत कळायचे. किल्ल्या म्हणजे पीटर. ताटलीत डोळे म्हणजे लुसी. आणि खिळ्यांचं चाक म्हणजे कॅथरीन.

काराव्हाज्जोने तिच्या सगळ्या खुणा चित्रात घेतल्या. मोडलेलं चाक म्हणजे फसलेला छळ. तलवार म्हणजे तिचा प्रत्यक्ष मृत्यू. खाली माडाच्या झावळीसारखी एक फांदी पडलीय, ती खजुराच्या जातीतल्या झाडाची. शहीद झालेल्या संताच्या विजयाची ती खूण. उंची कपडे आणि रेशमी गादी म्हणजे राजघराणं. डोक्यामागे तेजोवलय, पण इतकं बारीक की एखादी तार वाकवून ठेवल्यासारखं.

इथपर्यंत सगळं नियमात होतं. गडबड पुढे आहे.

ती तलवार चौथ्या शतकातली नाहीच. ती काराव्हाज्जोच्या काळातली, रोमच्या गल्लीबोळात मारामाऱ्यांना वापरली जाणारी लांब, पातळ तलवार आहे. परवाना नसताना अशी तलवार कमरेला लावून फिरतो म्हणून खुद्द काराव्हाज्जोला पोलिसांनी पकडलेलं. फिलिदेची बोटं त्या पात्यावर टेकलीत ती अगदी हलकेच, सवय असल्यासारखी. एरवी अशा चित्रातल्या संत बाया डोळे वर करून आभाळाकडे बघत असतात. ही समोर बघते. चेहऱ्यावर ना भीती, ना भक्तीचा उमाळा. आलात ना, मग बघा, असा भाव.

आणि तिच्याभोवती काय आहे? देऊळ नाही, आभाळ नाही, देवदूत नाहीत. फक्त अंधार. डाव्या बाजूने, वरून कुठूनतरी उजेड येतो आणि तिच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, पांढऱ्या बाहीवर पडतो. बाकी सगळं अंधाराच्या ताब्यात.

काराव्हाज्जोचा खरा शोध हाच.

त्याच्या आधीचे चित्रकारही उजेड आणि सावली वापरायचेच. लिओनार्दोने तर त्यात कमाल केली होती. पण त्यांची सावली मऊ असायची, उजेडातून अलगद काळोखात उतरणारी. काराव्हाज्जोने मधल्या पायऱ्याच काढून टाकल्या. रात्री लाइट गेल्यावर अंधाऱ्या खोलीत कुणीतरी टॉर्च मारावा, तसा त्याचा उजेड. जिथे पडला तिथे सगळं लख्ख, शेजारी मिट्ट. या पद्धतीला पुढे टेनेब्रिझम म्हणायला लागले. इटालियन भाषेत तेनेब्रे म्हणजे अंधार.

हे तो करायचा कसं? त्याच्यावर लिहिणाऱ्या जुन्या चरित्रकारांनी सांगून ठेवलंय की तो मॉडेलला अंधाऱ्या खोलीत बसवायचा आणि उंचावर एकच दिवा ठेवायचा. कॅनव्हासवर आधी गडद तपकिरी अस्तर द्यायचा. पांढऱ्या कागदावर आपण सावली काढतो, त्याचं हे बरोब्बर उलटं आहे. काळ्या फळ्यावर खडूने लिहावं तसं, अंधार आधीच तयार असतो, त्यातून फक्त उजेड बाहेर काढायचा. त्याच्या हातचं एकही कच्चं रेखाटन आज सापडत नाही. समोर जिवंत माणूस बसवून थेट कॅनव्हासवर काम. ओल्या अस्तरावर ब्रशच्या दांड्याने ओढलेल्या खुणा त्याच्या अनेक चित्रांत सापडल्यात. मॉडेल थकून हलली तर परत तशीच बसवायला त्यांचा उपयोग होत असावा.

यामुळे एक गोष्ट झाली. संताला पवित्र दाखवायला ढग आणि सोनेरी किरणं लागेनाशी झाली. नुसता उजेड कुणावर पडतो, एवढ्यावर काम भागायला लागलं. कॅथरीनचं ते तारेएवढं तेजोवलय काढून टाकलं तरी ती संतच वाटेल, कारण अख्ख्या चित्रातला उजेड तिनेच घेतलाय.

१५९९ मध्ये रोमच्या सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्चमधलं काम मिळालं आणि हे तंत्र पहिल्यांदा मोठ्या भिंतीवर गेलं. विषय संत मॅथ्यूचा. मॅथ्यू हा आधी करवसुली करणारा माणूस. एका अंधाऱ्या खोलीत तो साथीदारांबरोबर पैसे मोजत बसलाय. उजवीकडून येशू येतो, हात पुढे करतो, आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाचा एक तिरका पट्टा त्या टेबलावर पोचतो. गंमत म्हणजे चित्रात एक खिडकी आहे, पण उजेड तिच्यातून येत नाही. तो येतो चर्चच्या वेदीच्या बाजूने, जिथे खरोखरची खिडकी आहे तिकडून. म्हणजे चर्चमधला खरा उजेड चित्रात शिरून माणसाला हाक मारतोय असं वाटावं.

हे चित्र बघायला झुंबड उडाली. वयाच्या तिशीच्या आत काराव्हाज्जो रोमचा स्टार झाला.

पण त्याची चित्रं जितकी गाजली तितकीच परतही आली. त्याच चर्चसाठी काढलेल्या दुसऱ्या एका चित्रात मॅथ्यू उघड्या पायांचा, शेतकऱ्यासारखा रांगडा दाखवला, तर चर्चवाल्यांनी ते नाकारलं. त्याला सभ्य मॅथ्यू नव्याने काढून द्यावा लागला. लोरेतोच्या मेरीसमोर गुडघे टेकलेल्या यात्रेकरूंचे तळपाय त्याने काढले ते पंढरीला पायी जाऊन आलेल्या माणसाचे असावेत तसे, मळलेले. मेरीचा मृत्यू दाखवताना तर पोट फुगलेली, पाय उघडे पडलेली खरीखुरी मेलेली बाई काढली. मॉडेल म्हणून वेश्या बसवली होती अशी कुजबुज झाली आणि ज्या चर्चने ते सांगितलं होतं त्याने घ्यायला नकार दिला. ते चित्र मग रुबेन्स या दुसऱ्या थोर चित्रकाराच्या सल्ल्याने मांतुआच्या ड्यूकने विकत घेतलं. आज ते पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे.

चित्र नाकारणारे भक्त आणि विकत घेणारे रसिक, दोघांनाही एकच गोष्ट दिसत होती. ही माणसं खरी आहेत. एकाला ते पाप वाटलं, दुसऱ्याला कला.

इकडे साहेबांचं रस्त्यावरचं आयुष्य वेगळंच चाललं होतं. चित्र झालं की पैसे घ्यायचे, तलवार लावायची आणि टोळक्याबरोबर गल्ल्या पालथ्या घालायच्या. १६०३ मध्ये एका चित्रकाराची बदनामी करणाऱ्या अश्लील कविता पसरवल्या म्हणून खटला. १६०४ मध्ये खानावळीत राडा. झालं असं की वेटरने आर्टिचोकची भाजी आणली, आठ नग. चार लोण्यातले, चार तेलातले. याने विचारलं, कुठले कशातले? वेटर म्हणाला, वास घेऊन बघा. याने ताटच त्याच्या तोंडावर फेकून मारलं आणि तलवारीला हात घातला. १६०५ मध्ये भाडं थकलं म्हणून घरमालकिणीने सामान जप्त करवलं, तर रात्री जाऊन तिच्या खिडक्यांवर दगडफेक. ही सगळी माहिती पोलिसांच्या आणि कोर्टाच्या कागदांतून मिळते. त्याचं स्वतःचं एकही खाजगी पत्र हाती लागलेलं नाही, त्यामुळे त्याचं चरित्र बऱ्याच अंशी फिर्यादींवरून लिहावं लागतं. बिचाऱ्याची चांगली बाजू फिर्यादीत कोण लिहिणार?

२८ मे १६०६ ला मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या वजनदार घरातल्या गुंडाशी तलवारबाजी झाली. काराव्हाज्जोच्या डोक्याला जखम झाली, रानुच्चोच्या मांडीची रक्तवाहिनी तुटली आणि तो मेला. टेनिसच्या पैजेवरून भांडण झालं असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. पण हा रानुच्चो म्हणजे फिलिदेच्या धंद्यावर हुकूमत ठेवणारा माणूस. त्याच्यावरून फिलिदे एकदा दुसऱ्या बाईवर सुरी घेऊन धावून गेल्याचीही नोंद आहे. त्यामुळे भांडणाच्या मुळाशी बायका आणि पैसे असावेत, असं आता अनेक अभ्यासक मानतात.

शिक्षा भयानक होती. फक्त तडीपारी नाही, तर जो कुणी त्याला मारेल त्याला गुन्हा माफ.

पुढची चार वर्षं तो पळत होता. आधी नेपल्स. मग माल्टा बेट, जिथे संत जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. त्यांचा सरदार झालो तर माफी मिळणं सोपं जाईल, हा हिशोब. जुलै १६०८ मध्ये तो खरंच सरदार झाला. तिथल्या प्रार्थनागृहासाठी त्याने संत जॉनचा शिरच्छेद काढला, जवळपास बारा फूट बाय सतरा फूट. जॉनच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात त्याने आपलं नाव लिहिलंय. आज हाती असलेल्या त्याच्या चित्रांत सही असलेलं हे एकच.

पण स्वभाव कुठे जाणार. महिन्याभरात तिथेही मारामारी, मग किल्ल्यातली कैद, मग किल्ल्यातून पलायन. १ डिसेंबर १६०८ ला सरदारांनी त्याला आपल्यातून काढून टाकलं. ती सभा भरली होती त्याच प्रार्थनागृहात, त्याच्या त्या चित्रासमोर.

तोवर तो सिसिलीत पोचला होता. सिराक्यूजमध्ये त्याने संत लुसीचा दफनविधी रंगवला. लुसी या नावातच प्रकाश आहे, तिला दृष्टी सांभाळणारी संत मानतात. पण चित्राचा वरचा मोठा भाग म्हणजे नुसती रिकामी, काळपट भिंत. उजेडात सगळ्यात मोठे दिसतात ते खड्डा खणणारे दोन धिप्पाड मजूर. त्यांच्या मागे, जमिनीवर, लहानशी लुसी. कॅथरीनला दिलेला तो सगळा उजेड दहा वर्षांत इतका आटला होता.

१६०९ मध्ये नेपल्सच्या एका खानावळीबाहेर त्याच्यावर हल्ला झाला. चेहरा ओळखू येऊ नये इतका कापला गेला. डेव्हिडने राक्षस गोलायथचं मुंडकं हातात धरलंय, हे त्याचं चित्र बहुतेक अभ्यासकांच्या मते याच शेवटच्या काळातलं. त्यातलं मुंडकं काराव्हाज्जोचं स्वतःचं आहे. ज्याच्या डोक्यावर मृत्युदंड होता, त्याने आपलं डोकं चित्रातच कापून दिलं.

माफीची चक्रं रोममध्ये फिरत होती. जुलै १६१० मध्ये तो बरोबर चित्रं घेऊन नावेने निघाला. वाटेत पालो नावाच्या ठिकाणी पहारेकऱ्यांनी त्याला अडकवून ठेवलं. सुटेपर्यंत नाव त्याची चित्रं घेऊन निघून गेली होती. तो तिच्या मागे किनाऱ्याने पोर्तो एर्कोलेपर्यंत गेला. तिथे तापाने फणफणून १८ जुलै १६१० ला मेला. वय ३८.

त्याचा उजेड मात्र युरोपभर पसरला. आर्तेमिझिया जेंतिलेस्कीपासून डच चित्रकारांपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. नंतर मात्र खुद्द त्याचं नाव मागे पडलं आणि १९५१ मध्ये मिलानला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर ते पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. पुढे तर इटलीने आपल्या एक लाख लिराच्या नोटेवर याच खुनी माणसाचा फोटो छापला.

कॅथरीनचं चित्र देल मोन्ते यांच्या मृत्यूनंतर बार्बेरिनी घराण्याकडे गेलं आणि पुढे थिसेन कुटुंबाने घेतलं. फिलिदे १६१८ मध्ये गेली. काराव्हाज्जोने तिचं एक साधं व्यक्तिचित्रही काढलं होतं. तलवार नाही, चाक नाही, हातात नुसती फुलं छातीशी धरलेली. तिने आपल्या मृत्युपत्रातही त्याची नोंद करून ठेवली होती. ते चित्र पुढे बर्लिनच्या म्युझियममध्ये पोचलं आणि १९४५ मध्ये, महायुद्ध संपताना लागलेल्या आगीत नष्ट झालं. त्याचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो तेवढा उरला. त्या फोटोशी चेहरा ताडून बघितला, तेव्हाच माद्रिदमधली संत कॅथरीन म्हणजे फिलिदे आहे हे अभ्यासकांना ओळखता आलं.